माझ्या नावाचे मेल

वहिनी मला कधीच आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी त्यांचं कौतुक करायला बसलोय. थोरल्या भावाची बायको म्हणून द्यायचा तेवढा मान दिला, अहो-जाहो केलं. माणूस आवडत नसला की अहो-जाहो करणं सोपंच जातं.

न आवडण्याचं कारण एकच, त्यांचं बोलणं. ज्याच्याशी बोलतील तशा होतात. माझ्या आईला सगळं विचारून केलेलं आवडायचं, तर यांचं दिवसभर सुरू, 'आई, खिडकी उघडू का? आई, पंखा लावू का?' वडिलांना लांबण लावलेलं खपायचं नाही, त्यांच्याशी दोन शब्दांत कारभार. 'औषध. गरम पाणी.' आणि माझा भाऊ म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग. त्याला वाईट बातमी जेवण झाल्याशिवाय सांगायची नाही, आणि सांगायची तीही शेजाऱ्यांच्या गोष्टीपासून सुरुवात करून. मी तेव्हा लहान होतो, पण बघत होतो. मला वाटायचं, या बाईचं स्वतःचं असं काही मत आहे की नाही?

मी उलटा. मनात येईल ते तोंडात, एक घाव दोन तुकडे. ज्या लाँड्रीत मी फोरमन होतो तिथे मला सगळे तोफ म्हणायचे आणि मला ते आवडायचं. ही घरगुती लाँड्री नव्हे. रुग्णालयं आणि हॉटेलं यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल असे दिवसाला चार-पाच हजार नग आमच्याकडे यायचे. एका टोकाला घाण कपड्यांची निवड, मग माणूस उभा मावेल एवढी धुलाईची यंत्रं, मग वाळवण, आणि शेवटी माझा हॉल, इस्त्रीचे दोन लांबलचक रोलर. वाफेवर तापलेल्या रोलरच्या तोंडाशी बायका ओल्या चादरी धरतात आणि पलीकडून त्या कोरड्या, कडक होऊन बाहेर येतात. हॉलमध्ये आवाज एवढा की हळू बोलणाऱ्याला तिथे किंमत नाही. माझं सूत तिथेच जुळलं.

भाऊ एक्केचाळिसाव्या वर्षी बसल्या जागी गेला. आई-वडील त्याआधीच गेले होते. वहिनींना मूलबाळ नाही, माहेरी कोणी विचारणारं नाही, त्या आमच्यातच राहिल्या. माझी बायको म्हणाली, 'अहो, जाऊबाई दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, तुमच्या ऑफिसात काही बघा ना.' ऑफिसात तेव्हा पत्रव्यवहाराची जागा रिकामी होती. मी शब्द टाकला. आयुष्यात दुसऱ्यासाठी साखर पेरायची वेळ माझ्यावर तेवढी एकदाच आली, आणि तीही यांच्यासाठी.

वर्षभरात त्यांनी ऑफिस खिशात घातलं. बाहेर जाणारा प्रत्येक मेल त्यांच्या टेबलावरून जायचा. त्यांच्याकडे एक जाड वही होती, माणसागणिक एक पान. एकदा त्या जेवायला गेल्या असताना मी ती उघडून पाहिली. रुग्णालयाच्या मेट्रन: 'आधी तारीख, मग आकडे. खुशाली विचारायची नाही.' मोठ्या हॉटेलचे व्यवस्थापक: 'आधी कौतुक, मग आणखी कौतुक, मग काम.' साबणवाले: 'घाई आहे म्हटलं की मुद्दाम उशीर. घाई नाही असं लिहायचं.' बॉयलरवाला: 'मेल उघडत नाही. विषयाच्या ओळीतच सगळं उरकायचं.' मला हसू आलं आणि रागही आला. अरे, काम आहे तर काम सांगा! समोरच्याच्या मिजाशी सांभाळायला आपण काय त्याच्या आयाबाया आहोत?

हॉलमध्ये कॉम्प्युटर नव्हता. मला कोणाला काही कळवायचं असलं की मी मोबाइलवर टाइप करून वहिनींना पाठवायचो आणि त्या ते माझ्या नावाने पुढे धाडायच्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना बजावलं होतं, 'जसंच्या तसं पाठवायचं. काना-मात्रा बदलायची नाही.' त्या 'बरं' म्हणाल्या होत्या. आणि माझे मेल कसे असायचे? मेट्रनबाईंना: 'चादरींत पुन्हा सुया सापडल्या. आमच्या बायकांची बोटं काय फुकट आलीत? पुढच्या वेळी सुई निघाली तर अख्खी गाडी दारातून परत.' साबणवाल्यांना: 'तुमच्या साबणाने चादरी पिवळ्या पडताहेत. साबण पाठवता की हळद?'

आणि गंमत म्हणजे कामं व्हायची. सुया यायच्या बंद झाल्या. साबण बदलून मिळाला. बॉयलरवाला, जो ऑफिसातल्या कोणालाच दाद द्यायचा नाही, तो मी दम भरला की दुसऱ्या दिवशी हजर. मी हॉलमध्ये छाती काढून सांगायचो, 'बघा, गोडगोड बोलून काही होत नाही. बडगा दाखवावा लागतो.' घरी जेवताना वहिनींसमोरही सांगायचो, मुद्दाम, त्यांना टोचावं म्हणून. त्या खाली मान घालून जेवायच्या. अशी सहा वर्षं गेली.

मग नवे साहेब आले. जुने मालक थकले आणि त्यांनी कारभार या गृहस्थांच्या हाती दिला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि कोणीही काही मागितलं की उत्तर आधीच तयार: नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी आम्हा मुकादम, फोरमन, ऑफिसवाल्या सगळ्यांना एका खोलीत कोंडलं आणि बाहेरून एक शिकवणारा बोलावला. विषय होता, समोरच्याचा स्वभाव ओळखून मेल कसा लिहावा. शिकवणाऱ्याने पडद्यावर चार चौकोन दाखवले. घाईवाले, आकडेवाले, माणूसवेडे, शांतताप्रिय. जगातली सगळी माणसं म्हणे या चार चौकोनांत बसतात. मागच्या रांगेतून वहिनी अगदी हळू म्हणाल्या, 'चारच असते तर माझा संसार किती सोपा झाला असता.' आयुष्यात त्यांच्या बोलण्यावर मी पहिल्यांदा हसलो.

ते हसू पाच मिनिटं टिकलं. शिकवणारा म्हणाला, तुमच्याच कंपनीत याचा उत्तम नमुना आहे, आम्ही जुने मेल चाळले तेव्हा सापडला. आणि त्याने पडद्यावर एक मेल लावला. 'आदरणीय मेट्रन, दिनांक तीन ते सतरा या काळात चादरींत एकूण सात सुया आढळल्या, तपशील खाली जोडला आहे. आपल्या विभागाची शिस्त मला ठाऊक असल्याने हे नजरचुकीने होत असणार याची खात्री आहे. आपण सुचवाल तो उपाय आम्ही आमच्या बाजूनेही पाळू. आपला नम्र.' आणि खाली माझं नाव.

खोलीत आधी कोणाला कळलंच नाही. मग धुलाईचा मुकादम म्हणाला, 'तोफेत कापूस भरलेला निघाला की!' आणि जे हसले सगळे! शिकवणारा बिचारा खरंच कौतुक करत होता. 'हे गृहस्थ कोण? उभे राहा ना. इतकी नम्र माणसं आता कुठे मिळतात?' मी उभा राहिलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पुढचा मेल साबणवाल्यांचा होता. त्यात 'आपल्या सोयीने, घाई अजिबात नाही' असं मी लिहिलेलं होतं.

संध्याकाळी घरी पाय ठेवल्या ठेवल्या मी तोंड सोडलं. वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसून विजेच्या बिलावर चष्मा लावून काहीतरी वाचत होत्या.

'सहा वर्षं तुम्ही माझ्या नावाने खोटं बोललात, वहिनी!'

'एकही खोटं नाही, भावोजी. सुया सातच होत्या.'

'मी ते लिहिलं नव्हतं! मला जे म्हणायचं होतं ते—'

'तुम्हाला नुसतं म्हणायचं होतं, का सुया बंद करायच्या होत्या?' त्यांनी चष्मा काढला. 'ते एकदा ठरवा. दोन्ही मिळत नाही.'

'लोक माझ्याकडे बघून हसले आज.'

'सहा वर्षं तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. या टेबलावर, रोज.' आवाज चढवला नाही त्यांनी, पण तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. 'मला काय हौस आहे हो माणसं ओळखण्याची? या घरात पंधरा वर्षं मी प्रत्येकाचा मूड बघून तोंड उघडलं. नाही उघडलं नीट, तर ताट भिंतीवर जायचं. तुमच्या भावाचं. तुम्ही ते बघत होतात. तिथे शिकले मी हे. आता त्याचाच पगार मिळतो, तर तुम्हाला लाज वाटते.'

 मी हॉलमधल्या आवाजात हुकूम सोडला. 'उद्यापासून माझ्या मेलला हात लावायचा नाही.'

'नाही लावणार,' त्या म्हणाल्या आणि पुन्हा बिल वाचायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माझं वेगळं खातं काढून दिलं. पासवर्डची चिठ्ठी लिफाफ्यात घालून, शिपायाच्या हाती. मी मोबाइलवरून थेट मेल पाठवू लागलो आणि दोन महिन्यांत माझी पत किती आहे ते मला कळलं. मेट्रनबाईंनी उत्तर द्यायचं सोडलं. साबण तीन आठवडे आला नाही. बॉयलरवाल्याने निरोप धाडला की फोरमनचं डोकं ठिकाणावर आलं की बोलू. मी मागे हटलो नाही. म्हटलं, लोकांना खऱ्या माणसाची सवय व्हायला वेळ लागतो.

आणि मग बोटपट्टीचं सुरू झालं.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. चादर धरणाऱ्या बाईची बोटं चादरीबरोबर आत ओढली जायला लागली की ती आधी या पट्टीला लागतात आणि रोलर जागच्या जागी थांबतो. आम्ही तिला बोटपट्टी म्हणायचो. दर महिन्याला मी तपासायचो. टॉवेलची घट्ट गुंडाळी करायची, रोलरच्या तोंडात सरकवायची, पट्टीला टेकताच यंत्र थांबलं पाहिजे. मग वहीत सही. त्या महिन्यात पहिल्या रोलरवर गुंडाळी पट्टीला टेकली आणि तरीही चांगली वीतभर आत गेली, तेव्हा कुठे रोलर थांबला. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा वीतभर. वीतभर म्हणजे अख्खा पंजा.

त्या रोलरवर थोरली उभी असायची. बायकांत वयाने मोठी म्हणून सगळे तिला थोरली म्हणायचे. माझ्याबरोबर बारा वर्षं काम केलेली, जीभ माझ्याहून तिखट. ती आणि तिच्या जोडीची बाई, दोघींचे मिळून चार हात दिवसाला दोन हजार वेळा त्या तोंडापाशी जायचे.

मी रोलर बंद केला आणि साहेबांना मेल टाकला. 'पहिल्या रोलरची बोटपट्टी निकामी झाली आहे. रोलर बनवणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक आजच बोलवा. दुरुस्ती होईपर्यंत रोलर बंद राहील. कोणाचा हात गेला तर जबाबदारी तुमची.' यात काय चूक होतं? आजही मला त्यात चूक दिसत नाही.

दहा मिनिटांत साहेब हॉलमध्ये. सगळ्या बायकांसमोर म्हणाले, 'मशीन बंद करायचा हुकूम इथे कोण देतं?' मी गुंडाळी सरकवून दाखवायला गेलो तर त्यांनी बघितलंच नाही. स्वतःच्या हाताने बटण दाबून रोलर चालू केला. 'सर्व्हिसिंग दोन महिन्यांनी ठरलंय, तेव्हाच होईल. पुन्हा यंत्र बंद केलंत तर सरळ गेटच्या बाहेर. तुमच्या जागी नवा माणूस, आणि तो पट्टी बघेल असं समजू नका.' वर लेखी उत्तरही आलं. 'आपल्या भाषेची नोंद घेण्यात आली आहे.'

ते नव्या माणसाचं मात्र खरं होतं. मी गेटबाहेर गेलो असतो तर रोलर चालूच राहिला असता, आणि पट्टीच्या मागे लागणारा माणूस तिथे उरला नसता. मी बायकांना हात लांब ठेवायला बजावलं, वेग कमी केला. साहेबांनी नग कमी पडताहेत म्हणून तो परत वाढवला. मी आणखी दोन मेल पाठवले, पहिल्यापेक्षा कडक. उत्तर नाही. मग मी दिवसभर त्या रोलरपाशीच उभा राहू लागलो, बंद करायच्या बटणावर अंगठा ठेवून. थोरली वैतागली. 'दादा, बाजूला व्हा की. चादरीऐवजी तुम्हालाच घालीन आत.'

नवव्या दिवशी साहेबांनी मला कसल्याशा यादीसाठी ऑफिसात बोलावलं. परत आलो तर हॉलमध्ये बायका खोखो हसत होत्या. थोरलीचा हातमोजा चादरीच्या किनारीबरोबर आत गेला होता. हात तिने हिसडून मागे घेतला होता. मोजा पलीकडून बाहेर आला होता, पाचही बोटं पसरलेली, कागदासारखी चपटी, कडक इस्त्री झालेली. तिने तो माझ्यासमोर नाचवला. 'बघा दादा, माझ्या हाताला इस्त्री!'

 मी आल्या पावली परत ऑफिसात वहिनींच्या टेबलाशी गेलो. दोन महिने आम्ही एकमेकांशी मीठसुद्धा मागायला बोललो नव्हतो.

मी सगळं सांगितलं. नाक मुठीत धरून सांगितलं, हेही लिहितो. त्यांनी माझे तिन्ही मेल वाचले. तोंडावर रेष हलली नाही.

'साहेबांनी आल्यापासून मनावर घेऊन काय काय केलंय, सांगा बरं.'

'काही नाही. माणूस नन्नाचा पाढा आहे.'

'नीट आठवा.'

मी आठवलं. आग विझवायचे सिलिंडर मुदत संपलेले निघाले तेव्हा एका दिवसात नवे आणले होते. पण ते, भांडारातल्या कारकुनाला सगळ्यांसमोर उभं करून घरी पाठवल्यावर. मागच्या गेटला कुलूप नव्हतं, ते दुपारच्या आत बसलं. पहारेकऱ्याला काढून टाकून.

'म्हणजे कोणी मागितलं की नाही,' वहिनी म्हणाल्या, 'आणि कोणी सापडलं की लगेच. या माणसाला विनंती चालत नाही, दम चालत नाही, आकडे चालत नाहीत. त्याला पकडायला चोर लागतो.' आणि त्यांनी टाइप करायला सुरुवात केली. त्यांची बोटं थांबत नव्हती. मग स्क्रीन माझ्याकडे वळवला.

'साहेब, एक चूक कबूल करायची आहे. पहिल्या रोलरच्या बोटपट्टीची दरमहा तपासणी माझ्याकडे आहे. गेले तीन महिने ती न करताच मी वहीत सह्या केल्या. पट्टी ढिली झाल्याचं लक्षात आल्यावर माझी चूक झाकण्यासाठी मी उद्धट मेल लिहून जबाबदारी आपल्यावर ढकलण्याचा प्रयत्न केला. आपण त्या दिवशी हॉलमध्ये आलात तेव्हा पट्टीकडे एकदा पाहिलंत. आपल्या नजरेतून हे सुटलेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. आज एका बाईचा हात थोडक्यात वाचला. आपण योग्य ती कारवाई करावी.'

मी दोनदा वाचलं. 'हे खोटं आहे.'

'हो. हे पहिलंच.'

'मी एक महिना चुकवलेला नाही, वहिनी! बारा वर्षांत एक नाही!'

'ठाऊक आहे मला. साहेबांना काय त्याचं?'

'दुसरं काहीतरी लिहा.'

'दुसरं तुम्ही तीनदा लिहून झालंय.' त्या खुर्चीत मागे टेकल्या. 'दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर दुसरंही जमलं असतं. तेव्हा त्यांच्या लेखी तुम्ही नम्र माणूस होतात. आता तुमचा कुठलाही चांगला शब्द त्यांना डाव वाटणार. तुमच्या तोंडून त्यांना एकच गोष्ट खरी वाटेल. ही.'

'तुम्ही सूड घेताय माझ्यावर.'

त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला, आणि म्हणाल्या, 'घेत असेन. मला वाईट वाटत नाहीये, एवढं खरं. पण पट्टी आज बदलेल. पाठवायचं बटण तुम्ही दाबा. नाहीतर पुन्हा म्हणाल, तुमच्या नावाने मी पाठवलं.'

हॉलचा आवाज ऑफिसापर्यंत येत होता. रोलर चालू होता. मी बटण दाबलं.

ज्या मेकॅनिकच्या येण्याला दोन महिने लागणार होते, तो दुपारी चारला आला. त्याआधी साहेब हॉलमध्ये आले, स्वतः रोलर बंद केला, बायकांना गोळा केलं. 'तुमचे हात माझी जबाबदारी आहे,' असं म्हणाले. त्या दिवशीच आपल्याला संशय आला होता, पण पुराव्याशिवाय बोलणं आपल्या स्वभावात नाही, असंही म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवलं आणि माझा मेल पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. कामावरून काढलं नाही. कबूल केलं म्हणून दया दाखवली, फोरमनचं पद काढून घाण कपड्यांच्या निवडीवर धाडलं. मेलची छापील प्रत घड्याळाखालच्या फळ्यावर लावली, महिनाभर.

निवडीवर मी दिवसभर रक्ताच्या, ओकारीच्या चादरी वेगळ्या करायचो. त्याचं काही नाही, काम ते काम. पण रोलरच्या बायका पाणी प्यायला आमच्या दारावरून जायच्या आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत. एकजण जाता जाता म्हणाली, 'बसून सह्या करत होता मेला.' धुलाईचा मुकादम मला तोफ म्हणेनासा झाला. तो मला काहीच म्हणेनासा झाला. थोरली त्या आठवड्यात रजेवर होती. ती परत आल्यावर काय होणार हा विचार मला जेवू देत नव्हता.

शेवटी मी घरी वहिनींना विचारलं. तो मेल पाठवल्यापासून आम्ही बोलत होतो, पण कामापुरतं. 'थोरलीला काय सांगू? तुम्ही ओळखता तिला. तिला कसं सांगितलं तर पटेल?'

'खरं सांगितलं तर पटेल. तिला दुसरं काही चालतच नाही.'

'मग सांगू?'

'सांगा. ती त्याच पावली साहेबांच्या खोलीत जाईल आणि टेबलावर हात आपटून सगळं ओरडेल. मग साहेबांना कळेल की त्यांनी कोणाला पकडलं नव्हतं, त्यांना बनवलं होतं. मग त्यांना नवा माणूस पकडावा लागेल.' त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'मेल कोणाच्या कॉम्प्युटरवरून गेला ते दोन मिनिटांत कळतं. या घरात आता निम्मा पगार तुमचा आणि पूर्ण माझा आहे. तरी सांगायचं तर सांगा. मी अडवणार नाही.'

'तिला न सांगता पटेल असं काहीतरी...'

'तिच्यासाठी माझ्याकडे काही नाही, भावोजी,' वहिनी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला त्या थकलेल्या दिसल्या. 'खोटं तिला चालत नाही आणि खरं आपल्याला परवडत नाही.'

सोमवारी थोरली आली. फळ्यावरचा कागद तिने वाचला असणार, कारण काम सुरू व्हायच्या आधीच ती निवडीच्या खोलीत आली. तिथल्या वासाने नाकाला पदर लावतात सगळ्या, तिने नाही लावला. माझ्यासमोर उभी राहिली.

'बारा वर्षं मी तुमच्याशी भांडले,' ती म्हणाली. 'का, तर तुम्ही तोंडावर बोलता म्हणून. आतबाहेर काही नाही म्हणून. घरी पोरांना सांगायचे मी, आमचा फोरमन शिव्या देईल पण फसवणार नाही.' तिचा आवाज फाटला. 'त्या नऊ दिवसांत तुम्ही माझ्या बाजूला उभे होतात. बटणावर अंगठा ठेवून. तेव्हा तुम्हाला माहीत होतं? स्वतःच पट्टी तपासलेली नाही हे मनात ठेवून तुम्ही माझ्यासमोर साव बनून वावरत होतात?'

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तीन वाक्यांचं होतं फार तर. आयुष्यभर मी जिभेवरचं कधी गिळलं नव्हतं, ना बापासमोर, ना साहेबांसमोर.

'हो,' मी म्हटलं. 'माहीत होतं.'

तिने मला शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वळली आणि गेली, आणि थोड्या वेळाने पहिला रोलर सुरू झाला. ती अजून त्याच रोलरवर आहे. हात शाबूत आहेत. माझ्याशी बोलत नाही.